काखेत मावणारा पडदा

सपाट पडद्यात लोसालिनीचा फायदा काय काय होता, ते आधी मांडून घेतलेलं बरं. पुढे जे झालं त्यात हिशेबाची शुद्ध कुणालाच राहिली नाही.

पहिला फायदा टेबलाचा. जुना मॉनिटर म्हणजे पाठीला कुबड आलेला डबा. तोंड टेबलाच्या मध्यावर आणि मागचा पसारा थेट भिंतीला टेकलेला. तो ज्या दिवशी जेवणाच्या टेबलावर बसला त्या दिवसापासून नौसोरी गावातल्या त्या घरातली माणसं खाली चटईवर जेवायला लागली, आणि आम्हाला जुनी रीतच आवडते असं पाहुण्यांना सांगायला लागली. दुसरा फायदा हाताचा. डबा मधूनच डोळा मारायचा, आणि मग त्याच्या उजव्या गालावर एक ठेवून द्यावी लागायची. त्या सवयीने लोसालिनीचा हात इतका तयार झाला होता की बाजारात दालोचे, म्हणजे अळूचे, कंदसुद्धा ती आता थप्पड मारूनच पारखायची.

तिसरा फायदा रंगांचा, आणि खरी गरज तिथे होती. लोसालिनीचा धंदा पुस्तिकांचा. लग्नाच्या, मयताच्या, चर्चमधल्या गाण्यांच्या पुस्तिका ती घरी बसून सजवायची आणि छापून द्यायची. लग्नाला सोनेरी वेल, मयताला जांभळी. पण डब्याला गेल्या वर्षापासून सगळं जग गुलाबी दिसत होतं. सोनेरीही गुलाबी, जांभळंही गुलाबी. त्यातून मागच्या महिन्यात एका लग्नात जांभळ्या वेलीची पुस्तिका वाटली गेली, आणि नवरीच्या आजीने आत कोणाचं नाव आहे ते न बघताच गळा काढला. पाद्र्यांची बायको त्या लग्नात पहिल्या रांगेत होती. ती रागावली वगैरे नाही. परवा भेटली तेव्हा "येत्या शनिवारी माझ्या पुतणीचं लग्न आहे," एवढंच म्हणाली. "ही पुस्तिका तुलाच देते. पुढचं यावरून बघू." पुलापलीकडे छपाईचं एक नवं दुकान निघालं होतं, आणि पाद्रीणबाईंची छत्री हल्ली त्या दुकानाच्या दारात दिसायला लागली होती.

म्हणून लोसालिनी सुवा शहरात गेली आणि एलसीडी घेऊन आली. दुकानात नमुना म्हणून मांडून ठेवलेला, कोपऱ्यात एक ठिपका कायमचा लाल झालेला, त्यामुळे तिला परवडेल अशा भावात. दुकानदार त्या ठिपक्याबद्दल माफी मागत होता आणि ती मनातल्या मनात त्या ठिपक्याचे आभार मानत होती.

तोट्याच्या रकान्यात एकच गोष्ट होती. नवा पडदा काखेत मावत होता.

ऐकायला किरकोळ वाटतं. पण लोसालिनीच्या नवऱ्याला, एरोनीला, एक भाचा होता, आणि ज्या घराला भाचा आहे त्या घरात काखेत मावणारी वस्तू टिकत नाही. बहिणीच्या मुलाने मामाच्या घरी यावं, बोट दाखवावं आणि मामाने हसत हसत ती वस्तू काढून द्यावी, ही रीत एरोनीच्या आजोबांच्याही आजोबांपासूनची. हसू जरा कमी पडलं तरी बोटीबरोबर बातमी बहिणीच्या बेटावर पोचते. फिलिमोनेच्या, म्हणजे या भाच्याच्या, त्या एका बोटाने आजवर या घरातली गिटार नेली होती, गवत कापायचं यंत्र नेलं होतं, आणि एकदा ऐन रविवारी सकाळी मामाने नेसायला काढून ठेवलेली इस्त्रीची सुलू नेली होती. त्या दिवशी मामा चर्चला टॉवेल गुंडाळून गेला. होडीचं इंजिन गेलं तेव्हा काय महाभारत झालं ते तर सगळ्यांना ठाऊकच आहे. डब्याकडे मात्र ते बोट कधी वळलं नव्हतं. डबा उचलायला दोन माणसं लागत.

फोन आला तेव्हा नव्या पडद्यावरची प्लास्टिकची पापुद्री अजून निघायची होती. ती सोलायचा मान मकेरेताला, म्हणजे लेकीला, हवा होता आणि लोसालिनीला तो कुणालाच द्यायचा नव्हता. मायलेकी एकेक कोपरा धरून बसल्या होत्या.

एरोनीने फोन उचलला आणि पलीकडचा आवाज ऐकताच जळता निखारा हातात आल्यासारखा बायकोकडे फेकला. पलीकडे त्याची थोरली बहीण होती, कोरो बेटावरची उनाइसी. भावाला मिसरूड फुटली की बहीणभावांनी एकमेकांशी थेट बोलायचं नाही, हा मान राखायचा नियम बऱ्याच घरांनी आता सैल सोडलाय. या घराने सोडला नव्हता. एरोनी नौसोरी-सुवा बस चालवायचा आणि बसभर माणसांवर खुशाल ओरडायचा, पण बहिणीशी त्याचा सगळा व्यवहार लोसालिनीच्या तोंडून चाले. समोरासमोर बसले असले तरी चाले. त्यामुळे घरात प्रत्येक निरोपाच्या दोन प्रती असत: एक कानावर पडलेली आणि एक लोसालिनीने पोचवलेली. अधिकृत दुसरी. त्या दुसऱ्या प्रतीत लोसालिनी आपल्या सोयीने काय काय घालायची आणि काय काय गाळायची, यावर तिचा निम्मा संसार उभा होता.

"या या, दाउवे," ती फोनमध्ये म्हणाली. नणंद-भावजय दोघींनी एकमेकींना दाउवेच म्हणायचं, आणि एकमेकींची यथेच्छ टिंगल करायची, हीही रीतच. "उद्याच? फिलिमोने पण? वा! नाही गं, त्रास कसला!"

फोन ठेवून ती मट्कन खाली बसली. "गाण्याच्या स्पर्धेला यायची आहे त्यांची मंडळी. मायलेक आपल्याकडे जेवायला येणार. लपवा."

"काय?" एरोनी म्हणाला.

"माझं डोकं! पडदा लपवा!"

"अगं, भाचा आहे तो. भाच्यापासून वस्तू लपवायची म्हणजे..."

"मकेरेताचे बाबा, इंजिन गेलं तेव्हा तुम्ही असंच म्हणाला होता. होडी अजून वल्ह्याने मारता."

"एका खेपेला तो एकच वस्तू मागतो. मागितली, शिक्कामोर्तबाच्या टाळ्या झाल्या, संपलं. आजोबांनीच घालून दिलंय ते."

"एकच मागतो हो. पण ही एक समोर दिसल्यावर दुसरं काय मागेल? तुम्हाला?"

"बाबांना मागितलं तर देऊन टाकू," मकेरेता म्हणाली. "पडदा ठेवू."

शेवटी ठरलं ते असं. मागच्या ओसरीवर टाकलेला डबा पुन्हा आणून टेबलावर बसवायचा, वर क्रोशाचा रुमाल घालायचा, आणि नवा पडदा अशा जागी ठेवायचा जिथे कुणाचा हात जाणार नाही. पलंगाखाली पाहुण्यांच्या पिशव्या जातात. कपाटात फिलिमोने सुलू शोधतो. मग लोसालिनीला दाराआडची गुंडाळी दिसली: झालरीची चटई, लाल-हिरव्या लोकरीच्या भरगच्च झालरीची, लग्न नाहीतर मयत असल्याशिवाय जी उघडायची नाही. पडदा तिच्या पोटात गेला, गुंडाळी पुन्हा बांधली गेली.

"आई," मकेरेता म्हणाली, "ही चटई आत्यानेच विणून दिलेली ना? तुझ्या लग्नात?"

"म्हणूनच," लोसालिनी म्हणाली. "आपण दिलेल्या वस्तूत कोण बघायला जातं?"

डबा उचलताना एरोनीच्या कमरेत उसण भरली. तो वाकडा झाला तो पाहुणे आले तरी वाकडाच होता.

उनाइसी दारातून आत आली म्हणजे आधी तिचा विंझणा आला, मग हसू, आणि मग बाकीची उनाइसी. मागून फिलिमोने, दाराची चौकट अंगावर घेऊन आल्यासारखा रुंद, खांद्यावर चटयांची वळकटी आणि हातात सुक्या माशांची माळ.

"दाउवे! जिवंत आहेस अजून?" उनाइसीने भावजयीला कवेत घेतलं. "मी तर भावासाठी बोटीवर एक नवी बायको बघून ठेवलीय. अंगाने चांगली आहे. तुझ्यासारखी सुकट नाही."

"आणायचीस की गं बरोबर. भांडी तरी घासली असती. का बोटीत तुझ्याशेजारी तिला जागाच उरली नाही?"

दोघी खिदळत खाली बसल्या. एरोनी खोलीच्या दुसऱ्या टोकाला, बहिणीकडे जरा पाठ करून, यांगोना या पेयाच्या लाकडी परातीशी बसला होता.

"सांग तुझ्या नवऱ्याला," उनाइसी म्हणाली, "पोट आवर म्हणावं. एक दिवस स्टिअरिंगमध्ये अडकेल आणि बस नदीत जाईल."

लोसालिनी वळली. "अहो, दाउवे म्हणते तुमची तब्येत झकास दिसते."

"आभारी आहे म्हणावं," एरोनी परातीकडे बघत म्हणाला. "आणि म्हणावं, या वेळी बोट उजव्या बाजूला कलली नाही ना? बंदरात लोक घाबरतात."

"तो म्हणतो, प्रवास सुखाचा झाला ना?"

विंझण्याआड उनाइसीचे खांदे हलले. कानावर पडलेलं ऐकलं असं धरायचं नसतं, पण हसायला बंदी आहे असं कुठे कोणी घालून दिलेलं नाही.

एवढ्यात मांजराने गडबड केली. ते मांजर कायम डब्याच्या पाठीवर झोपायचं. तिथे ऊब असे. आत्ता ते सवयीने उडी मारून वर चढलं, रुमालावर दोनदा गिरकी घेतली, अंगाखालचा थंडगार डबा हुंगला आणि लोसालिनीकडे असं काही बघितलं की जणू त्याचीच फसवणूक झाली होती. मग खाली उतरून चालतं झालं. उनाइसीने ते पाहिलं.

जेवण झालं. नारळाच्या दुधातला दालोचा पाला फिलिमोनेने एकट्याने संपवला, हात पुसले, आणि खोलीभर नजर फिरवली. त्या नजरेला या घरात सगळे ओळखत.

"मामी," तो म्हणाला, "ऑकलंडच्या चुलतभावाने मला कॉम्प्युटर पाठवलाय. नुसतं खोकं. पडदाच नाही. मुंडकं उडवलेल्या माणसासारखा घरात बसून आहे." मग जरा सावरून, "ऐकलं होतं, तू सपाट पडदा घेतलास म्हणे?"

"सपाट?" लोसालिनी किंचाळलीच. "मी? छे! सपाट वस्तूत असतं काय? फुंकर मारली तर पडते. हा बघ, हा!" ती उठून डब्यापाशी गेली आणि त्याच्या उजव्या गालावरून, जिथे इतकी वर्षं थपडा बसल्या होत्या, मायेने हात फिरवला. "याला म्हणतात वस्तू! वजन बघ! मागच्या वादळात शेजाऱ्यांचं छप्पर गेलं, हा बोटभर सरकला नाही. चोर आला तर उचलताना त्याचीच कंबर मोडेल. रंग तर असे दाखवतो की बघतच राहावं!"

शेवटचं वाक्य खोटं नव्हतं.

फिलिमोने ऐकत होता. ऐकता ऐकता त्याचं तोंड हळूहळू उघडत गेलं. "वादळात सरकला नाही?"

"बोटभर नाही!"

"आमच्याकडे वारा सुटला की पत्रे समुद्रात जातात," तो म्हणाला, आणि मग मांडी नीट घालून, आवाज खाली आणून, मामाकडे वळला. "मामा, हा डबा मला दे."

मग एरोनी हसला. भाच्याच्या मागण्याला हसायचं असतं, आणि तो जन्मभर हसत आला होता, पण असं हसू त्याच्या तोंडावर कोणी पाहिलं नव्हतं. ते कानापर्यंत जाऊन मागे वळलं. "घे!" तो म्हणाला. "घे बाबा, तुझाच आहे!" ओंजळीच्या पोकळ टाळ्या झाल्या, त्याही जरा जास्तच. लोसालिनीच्या डोळ्यांसमोर सगळंच्या सगळं टेबल उभं राहिलं: मोकळं, लख्ख, चार बाजूंनी माणसं जेवतायत. तिच्या तोंडून हसू फुटलंच.

उनाइसीचा विंझणा थांबला.

लोसालिनीने हसू अर्ध्या वाटेवर पकडलं आणि त्याचा हुंदका केला. एकदा केला म्हटल्यावर तो पुरा करणं भाग होतं. तिने डब्याला मिठी मारली. "माझा गं डबा! किती वर्षांची साथ! किती लग्नं लावली याने, किती माणसं पोचवली!" स्वयंपाकघराच्या दारात मकेरेता, तोंडात कोंबायला पदर नव्हता म्हणून, हातपुसणं कोंबून उभी होती.

"अगंबाई," उनाइसी हळूच म्हणाली. "इतकी माया आहे तुझी?"

"पोटच्या पोरासारखा गं, दाउवे!"

"मग त्याला असा रिकाम्या बाटलीसारखा उचलून न्यायचा नाही." उनाइसी सरसावून बसली. "शोभत नाही ते. पोरगी सासरी धाडतात तसा मानाने धाडू. खाली मांडू, दोन शब्द बोलू, मग उचलू. झालरीची चटई काढ."

लोसालिनीचे हुंदके नळ बंद केल्यासारखे थांबले. "चटई कशाला? धूळ बसलीय. वाळवी लागलीय. म्हणजे, लागली असेल."

"माझ्या हातच्या चटईला वाळवी?"

"तो बिचारा साधा डबा आहे, दाउवे. त्याला साधेपणाच आवडतो."

"पोटचा पोर आणि साध्या चटईवर? फिलिमोने, दाराआड आहे बघ."

फिलिमोनेने गुंडाळी उचलली. "जड लागतेय गं आई."

"मी दिली तेव्हा एवढी जड नव्हती. संसाराने झाली असेल."

चटई खोलीच्या मधोमध लवंडली, उलगडत गेली, आणि शेवटच्या वेढ्यातून तो बाहेर आला: सपाट, काळा, एका कोपऱ्याची पापुद्री सुटलेली, लाल-हिरव्या झालरीच्या बरोबर मध्यभागी, बारशाच्या पाळण्यात घातल्यासारखा.

लोसालिनीने दोन्ही हात गालांना लावले. "अगंबाई! हा कुठून आला?"

"विणताना माझ्याकडून राहिला असेल," उनाइसी म्हणाली.

आणि मग तिला हसू आवरेना. ती आधी विंझण्यामागे हसली, मग विंझणा टाकून हसली, मग चटईवर आडवी झाली. फिलिमोने मांड्या बडवत होता. स्वयंपाकघरात काहीतरी फुटलं. एरोनीची उसण हसण्याने सुटली आणि तो सरळ झाला. उनाइसीला हे आधीपासून माहीत होतं की नव्हतं, यावर त्या घरात आजही दोन तट आहेत.

"मामी," फिलिमोने डोळे पुसत पुढे सरकला, "हा तर काखेत मावतो की!"

"हात मागे!" लोसालिनी ओरडली. "टाळ्या झाल्या! एका खेपेला एक मागणं. तुझ्या पणजोबांचा नियम आहे. डबा मागितलास, डबा मिळाला. विषय संपला!"

"टाळ्या खऱ्या केव्हा?" उनाइसी उठून बसली. ती आता पंचाच्या आवाजात बोलत होती, मधूनमधून उचकी लागत होती एवढंच. "घरातला माल समोर मांडलेला असेल तेव्हा. गिऱ्हाइकापासून माल दडवून केलेला सौदा कुठल्या बाजारात टिकतो, दाउवे?"

"मी दडवला नाही. जपला."

"चटईत?"

"तुझ्या चटईत. तुझ्यावरच्या प्रेमापोटी!"

पुन्हा हशा. त्या हशातच फिलिमोनेचा पंजा पडद्याखाली गेला होता, आणि पडदा चटईवरून अलगद उचलला जात होता. लोसालिनीचं हसू एकदम आटलं.

"दाउवे, ऐक ना. शनिवारी लग्न आहे. पाद्रीणबाईंच्या घरचं. हा गेला तर पुस्तिका पुन्हा चुकेल, आणि मग पुढे कोणी..." तिच्या डोळ्यांत पाणी आलं, या वेळी खरं.

पण ते कोणी घेईना. घटकाभरापूर्वीच खोटं रडून तिने खऱ्याचा भाव पाडून ठेवला होता. "बघा, बघा, परत सुरू झाली!" फिलिमोने म्हणाला, आणि उनाइसीला नव्याने उबळ आली.

"सांग तुझ्या नवऱ्याला," ती हसतच म्हणाली, "भाच्याने हात घातलाय म्हणावं. मामाने आता हसायचं."

लोसालिनी नवऱ्याकडे वळली. हा निरोप फिरवून, गाळून, गोड करून पोचवायला तिला एक शब्द सापडेना. एरोनीने तिच्याकडे बघितलं. खोटं रडणं आणि खरं रडणं ओळखणारा त्या खोलीत तो एकच होता.

"ताई," तो म्हणाला. "राहू दे तो. तिचा आहे."

हसू तार तुटल्यासारखं थांबलं. फिलिमोनेचा हात चटका बसल्यासारखा मागे आला. मकेरेता दारात येऊन उभी राहिली. आपल्या बापाने आत्याला हाक मारलेली तिने जन्मात ऐकली नव्हती. तिनेच काय, उनाइसी सोडून त्या खोलीत कोणीच ऐकली नव्हती. एरोनी बहिणीच्या तोंडाकडे बघत होता. आपण काय केलं ते त्याला वाक्य संपल्यावर कळलं, आणि त्याने मान खाली घातली ती जवळजवळ परातीत बुडवली.

उनाइसीने विंझणा उचलून चेहऱ्यासमोर धरला. त्यामागे ती हसत होती का आणखी काही करत होती, ते दिसत नव्हतं.

"दाउवे," शेवटी ती विंझण्याआडून म्हणाली, "सांग तुझ्या नवऱ्याला. 'ताई' म्हणताना अजूनही लहानपणासारखाच नाकात बोलतो म्हणावं."

लोसालिनी नाक ओढत वळली. "अहो, दाउवे म्हणते तुम्ही नाकात बोलता."

"आणि सांग, भावाने तोंडाने मागितलेलं बहिणीला मोडता येत नाही. पडदा राहिला."

"ती म्हणते पडदा राहिला!" लोसालिनीने हे छपराला ऐकू जाईल असं सांगितलं आणि पडदा उचलून छातीशी धरला.

"पण नियम मोडला तो मोडलाच. दंड लागेल." विंझणा खाली आला. उनाइसीचे डोळे लाल होते आणि चेहरा पंचाचा होता. "मागच्या अंगणात डुक्कर बघितलं मी येताना."

"आत्या!" मकेरेता किंचाळली. "ते माझ्या एकविसाव्या वाढदिवसाचं आहे!"

"बापाला सांग ना. तुझं त्याच्याशी बोलणं आहे."

दुसऱ्या दिवशी कोरोची सगळी गाणारी मंडळी अंगणात जेवायला होती. डुक्कर भाजायचा खड्डा एरोनीने खणला, दगड त्याने तापवले, डुक्कर त्याने उतरवलं, आणि उसण पुन्हा भरली. डबा बांबूला बांधून, दोन खर्जातल्या गायकांच्या खांद्यांवरून, शिकारीहून आणल्यासारखा बंदराकडे निघाला. मागून फिलिमोने, सांभाळा रे, म्हणत. शनिवारी पाद्रीणबाईंच्या पुतणीला सोनेरी वेल मिळाली, आणि बाईंनी पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटपर्यंत बघून पुढच्या दोन लग्नांचं काम दिलं. लोसालिनीच्या टेबलावर आता माणसं जेवतात. मांजर तेवढं अजून रुसलेलं आहे.

तर मग किंमत कोणी दिली? पडद्याचे पैसे लोसालिनीचे, पण ते तिने धंद्यात महिन्याभरात काढले. ओझं गायकांनी वाहिलं, आणि त्यांना पोटभर डुक्कर मिळालं. मकेरेताच्या वाढदिवसाला कोंबडीवर भागलं, त्याची भरपाई म्हणून पापुद्री सोलायचा मान तिने घेतला. फिलिमोनेला वाऱ्यात न उडणारी वस्तू हवी होती, ती मिळाली. बेटावर आता सगळे गुलाबी सिनेमे बघतात. उनाइसी भावाची एक हाक घेऊन बोटीवर चढली. बाकीचं सगळं, म्हणजे डुक्कर, खड्डा, कंबर आणि इतक्या वर्षांचं मौन, एरोनीच्या नावावर पडलं. त्या दोन दिवसांत एवढं एकच गिऱ्हाईक असं निघालं की ज्याने घासाघीस केली नाही.